काही रांगा राखीव

शनिवारच्या पेपरातली बोटभर रुंदीची ती पट्टी
मी आधी कापून घेते,
मग पेपर अनगळ सरांच्या हातात देते.
पेपरला खिडकी पडलेली असते.
तिच्यातून ते माझ्याकडे बघतात:
"उद्या कुठे?"

रविवारी माझी सुट्टी चार ते नऊ.
एवढ्यात गाव गाठता येत नाही,
खोली माझी नाही,
मॉलमधल्या बाकावर बसलं
की वॉचमन दुसऱ्या फेरीत ओळखतो.
म्हणून पट्टी.
तिच्यात लिहिलेलं असतं, प्रवेश सर्वांना खुला.
सर्वांना म्हणजे मलाही,
हे कळायला एक वर्ष गेलं.

मग मी सगळं बघितलं.
बोन्साय. जुनी अडकित्ती, कुलपं.
शाळेतल्या मुलांचं नाटक, ज्यात राजा वाक्य विसरला
आणि विंगेतून सगळी प्रजा एकदम ओरडली.
एकदा चुकून शोकसभा.
चहा घेतल्यावर कळलं,
पण उठून जाणं बरं दिसेना.
दोन मिनिटं उभी राहिले
न बघितलेल्या एका प्राध्यापकांसाठी.

फुकट असलं तरी शिस्त असते.
पाचला म्हणजे पाचला.
पहिल्या तीन रांगांतल्या खुर्च्यांवर कागद: राखीव.
त्या भरलेल्या मी कधी बघितल्या नाहीत.
मी आपली पंख्याखाली, भिंतीला धरून,
नऊची बस चुकायला नको.

घोले रोडला एका चित्रात गाय होती,
भिंतभर, निळी.
निळीबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.
कान मात्र शिंगाच्या वर गेला होता.
अभिप्रायाच्या वहीत ओळीनं: अप्रतिम. अप्रतिम. निःशब्द.
मी लिहिलं, शिंग वर, कान खाली.
पुढे नाव. शेवंता गपाट, भूम.
चित्रकार मागेच उभे होते, हातात चहाचा कागदी कप.
"नक्की?"
मी दोन्ही हात डोक्याशी नेले
आणि भर कलादालनात गाय झाले.
ते हसले नाहीत.
पेन्सिल काढून कपावरच
माझे कान उतरवून घेतले.

परत आले की सर जागे असतात.
पूर्वी त्या कागदांखालच्या खुर्च्या त्यांच्या असायच्या.
आता अकरा महिने हा पलंग, ही नळी.
"काय गायल्या?"
रागाचं नाव सांगत होते तेव्हा
मागे कुणीतरी वेफर्सची पुडी फोडत होतं.
"मग कसा होता ते सांग."
मी म्हणाले, घागर भरत आली की आवाज वर चढत जातो ना,
तसं झालं, आणि अगदी काठाशी
त्यांनी हात आखडला.
सर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "मारवा असणार."
खरं की खोटं, मला काय कळतंय.
मी गोळी दिली, दिवा बारीक केला.

मागच्या रविवारी दारावर चिठ्ठी,
कार्यक्रम रद्द, क्षमस्व.
खाली सही, तारीख, वेळसुद्धा.
झेड ब्रिजवर जाऊन बसले.
जोडप्यांमधे एकटी बाई म्हणजे
खांब असल्यासारखीच, कुणी बघत नाही.
खाली नदीकाठी पोरं ताशा शिकत होती.
एकाचा हात दर वेळी त्याच जागी घसरायचा.
शिकवणारा म्हणायचा, पुन्हा.
तो पुन्हा घसरायचा.
आठ वाजेपर्यंत मी त्याच्या बाजूनं ऐकलं.

घरी येऊन सांगितलं, आज पट्टीतलं काही नाही.
सर म्हणाले, "वाजवून दाखव."
मी पलंगाच्या लोखंडावर दोन बोटांनी वाजवलं,
त्या पोराची चूक आली तिथे थांबले.
मग त्यांचं बोट हललं, डाव्या हाताचं,
जो हलत नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलंय.
त्याच जागी घसरलं.
"पुन्हा," ते म्हणाले.

शेजारच्या खुर्चीवर औषधांचा कागद होता.
तो उचलून मी बसले.